पहिलीतला डबा

भांड्यांच्या दुकानात मी तांब्याभर पाणी मागितलं, तेव्हा दुकानदार भाऊंना वाटलं मला तहान लागली आहे. त्यांनी पंखाही माझ्याकडे वळवला. मी ते पाणी समोरच्या डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि डबा त्यांच्या गल्ल्यावर उलटा धरला. चार थेंब पडले. तो डबा बाजूला सारून मी पुढचा मागितला. असे सहा झाले. सातव्याच्या वेळी त्यांनी गल्ल्यावरचं पावतीबुक उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, डबा घेऊन राह्यल्या का धरण बांधून राह्यल्या?"

मागे स्टुलावर बसलेली माझी आई पदर तोंडाला लावून हसली. अशा वेळी ती माझ्या बाजूची कधीच नसते.

जून महिना होता आणि मुलगी पहिलीत जाणार होती. आरमोरीतच, घरापासून ऑटोने दहा मिनिटांवर तिची शाळा. आमच्याकडे कुठल्याही खासगी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, तशीच ही. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी खिचडी मिळते, इथे डबा न्यावा लागतो. केजीची दोन वर्षं ती दुपार व्हायच्या आत घरी यायची, त्यामुळे बिस्किटांवर भागलं होतं. आता शाळा दहा ते चार आणि जेवायची सुट्टी एक वाजता.

मी ग्रामीण रुग्णालयात औषधांचं भांडार सांभाळते. कुठल्या पेटीची मुदत आधी संपते, कुठली पेटी मागे ठेवायची, काय मागवायचं, हे सगळं यादीवर चालतं. वीस वर्षांत ती सवय घरात शिरली आहे. पाहुणे येणार असले तरी मी यादी करते आणि पाहुणे गेले की त्यातल्या न झालेल्या गोष्टी पुढच्या पाहुण्यांच्या यादीत उतरवते. तेव्हा डब्याची यादी मे महिन्यातच तयार होती, यात काही नवल नाही. डबा सांडू नये. स्टीलचाच असावा, कारण प्लास्टिकवरचा हळदीचा डाग आणि वास काही केल्या जात नाही. आत कोपरे नसावेत, कोपऱ्यात शितं अडकतात. दप्तराला जड होऊ नये. आणि मुलीला तो स्वतः उघडता यावा, कुणाचं तोंड पाहायची वेळ येऊ नये. या शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. खणांचा डबा मी पहिल्याच फेरीत बाद केला. डब्याला खण पाडणारे लोक पोळी खाणारे असावेत. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं, आम्हाला दुपारी भात लागतो आणि वरण, भाजी सगळं त्याच्यातच कालवलेलं लागतं.

आठवा डबा पास झाला. गोल, बुटका, झाकणाच्या आत पांढऱ्या रबराची जाड रिंग आणि दोन बाजूंना दोन क्लिपा. उलटा धरला, हलवला, मिनिटभर गल्ल्यावर आडवा ठेवला. एक थेंब बाहेर आला नाही. भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला आणि पावतीबुक परत जागेवर ठेवलं.

घरी आल्यावर सराव सुरू केला. डब्यात मूठभर फुटाणे टाकायचे, क्लिपा लावायच्या, उघडायच्या, एक फुटाणा खायचा, परत लावायच्या. फुटाण्यांच्या लोभाने मुलीने वीस वेळा केलं. आधी दोन्ही क्लिपा वर, मग अंगठे झाकणाखाली, मग वर ढकलायचं. संध्याकाळपर्यंत ती डोळे मिटूनही करायला लागली. मला फार आनंद झाला आणि तो मी सगळ्यांना सांगितला. बहिणीला फोनवर सांगितलं, शेजारणीला सांगितलं, शाळा सुरू झाली त्या दिवशी ऑटोवाल्या भाऊंनाही सांगितलं की हिला डब्यासाठी कुणाची मदत लागत नाही, हिचं हिला येतं. मुलगी शेजारी ताठ उभी राहून ऐकत होती.

सकाळची आमची घडी अशी. मला साडेआठला रुग्णालयात पोचायचं असतं. नवरा कुरखेड्याकडच्या एका गावात शिक्षक आहे, तो त्याहून आधी मोटारसायकल काढतो. माझी आई आमच्याकडेच असते. आठला कुकर उतरला की आई भात डब्यात भरते आणि मुलीला साडेनऊला ऑटोत बसवून देते. भात भरण्याचा तिचा एक ठरलेला रिवाज आहे. वाफ निघत असतानाच भरायचा, चमच्याने दाबायचा आणि ताबडतोब झाकायचा. वाफ आत कोंडली की भात दुपारपर्यंत मऊ राहतो, नाहीतर त्याचे खडे होतात, असं ती म्हणते आणि ते खरंही आहे. मी लहान असताना शेतावर बाबांचा भात ती असाच भरायची.

पहिल्या दिवशी डबा भरलेला परत आला. पहिला दिवस म्हणून मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, भूक नव्हती. मग मी जेवणाची यादी केली. मसालेभात, मुगाची खिचडी, अंड्याची भुर्जी घातलेला भात, तिच्या आवडीची वांग्याची भाजी. सगळं चार वाजता परत यायचं, आंबूस वासासकट. संध्याकाळी मी डबा उघडायची तेव्हा झाकण फुस्स आवाज करून सुटायचं. तो आवाज मला चांगला वाटायचा. डबा किती पक्का निवडला आहे याची ती खूणच होती.

फक्त शनिवारी डबा रिकामा आला. शनिवारी अर्धी शाळा असते, म्हणून आईने भाताऐवजी मुरमुऱ्याचा चिवडा दिला होता. त्यावरून मी निष्कर्ष काढला की हिला जेवण नको, खाऊ हवा. रविवारी तिला बसवून त्यावर चांगली दहा मिनिटं बोलले. ती ऐकत होती आणि पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघा ओढत होती.

जुलैत तिला ताप आला. चार दिवसांत उतरला, पण उतरल्यावर मी तिला रुग्णालयात नेऊन काट्यावर उभं केलं तर जूनपेक्षा पाऊण किलो कमी. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काही नाही, खाऊ घाला, महिन्याभराने परत वजन करा. खाऊ घाला म्हणणं सोपं असतं. सकाळी दूध, संध्याकाळी आल्या आल्या ती दोन वाट्या भात खायची, म्हणजे भूक होती. मग शाळेत काय होतं? मी वहीत एक ते सहा आकडे घालून कारणं लिहिली. चव, वास, गर्दी, वेळ कमी पडणे, पाण्याची बाटली आधीच पिऊन पोट भरणे, खेळाची घाई. सातवा आकडा घातला आणि त्याच्यापुढे काही लिहिलं नाही.

ते न लिहिलेलं काय होतं, ते सांगते. आम्ही बौद्ध आहोत. नागभीडकडच्या गावात मी चौथीत होते तेव्हा माझी एक मैत्रीण होती. आम्ही दोघी एकमेकींच्या डब्यातलं खायचो. एक दिवस तिने मला सांगितलं की तिच्या आईने माझ्या डब्यातलं खायचं नाही असं बजावलं आहे. ती भांडली नाही. उलट त्याच दिवशी तिने मला तिची नवी पेन्सिल दिली. फक्त डबा उघडल्यावर ती माझ्याकडे पाठ करून बसली. त्यानंतर वर्षभर मी हातपंपाच्या ओट्याजवळ बसून एकटी जेवले. घरी विचारलं की कुणी काही बोललं का, तर मी म्हणायची, कोणी नाही. मुलं असल्या गोष्टी घरी सांगत नाहीत, हे मला कुणी पुस्तकातून वाचून दाखवायला नको.

ताप उतरून मुलगी शाळेत जायला लागली, त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी तिची वेणी घालत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं की जेवायच्या सुट्टीत कुणाजवळ बसतेस.

"मी बाजूले बसतो," ती म्हणाली. आमच्या घरात शाळेची भाषा मी बोलते, पण मुलीने आजीची उचलली आहे; तिच्यात बायकाही 'बसतो'च म्हणतात.

"बाजूला म्हणजे कुठे?"

"चपला ठेवते ना, तिथी."

"तिथं बसायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाई."

समोर आई सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मुलगी वेणी अर्धी सोडून बाहेर खेळायला पळाली. चौथीतलं ते माझ्या आईला पुढे कधीतरी कळलं होतं. कसं आणि कधी, हे मी तिला विचारलेलं नाही आणि तिनेही सांगितलेलं नाही. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "तू जाय शाळेत. उद्याच जाय."

नवरा घरी आल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, आधी विचारून तर घे, आता तसं राहिलं नाही. तसं राहिलं नाही हे मलाही माहीत होतं. माझ्या रुग्णालयात आम्ही सगळे एका टेबलावर डबे उघडतो आणि कुणाच्या भाजीत कुणाचा घास जातो याचा हिशेब राहत नाही. पण मग सहा वर्षांची पोर चपलांजवळ का बसते, हे मी त्याला दोनदा विचारलं. शेवटी तो म्हणाला की वाटल्यास माझ्या शाळेत टाक, मोटारसायकलवर घेऊन जात जाईन, तिथं डब्याची कटकटच नाही, सगळी एका पंगतीत खिचडी खातात. त्याने ते गमतीत म्हटलं होतं. मी ते गंभीरपणे घेतलं. जेवण झाल्यावर बसून शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज लिहिला, दोन प्रती, आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. ही शाळा तिच्यासाठी मीच निवडली होती, गावभर चौकशी करून. तरी अर्जातलं अक्षर नेहमीसारखंच आलं.

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर सहकाऱ्याकडे भांडाराच्या किल्ल्या दिल्या आणि अर्ध्या दिवसाची रजा घेऊन निघाले. धानाच्या रोवणीचे दिवस होते. रस्ताभर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल पडला होता आणि स्कूटी सांभाळून चालवावी लागत होती. वाटेत मी वाक्यं लावत होते. पहिल्यांदा शांतपणे विचारायचं की बसण्याची व्यवस्था कशी आहे. मग विचारायचं की ती व्यवस्था कोण ठरवतं. उत्तर नीट मिळालं नाही तर फोल्डर उघडायचं. आवाज चढवायचा नाही. रडायचं तर मुळीच नाही, हेही मी स्वतःला बजावलं.

शाळेत पोचले तेव्हा सुट्टी सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती. वर्गाच्या खिडकीला जाळी आहे. आत जायच्या आधी मी तिथे थांबले. आत सतरंजीवर मुलं गोल करून बसली होती. वर्गाच्या मॅडम दाराजवळ एकामागून एक पाण्याच्या बाटल्यांची बुचं उघडून देत होत्या. माझी मुलगी खरोखरच चपलांच्या रॅकजवळ होती, भिंतीकडे थोडी वळलेली.

तिने डबा दोन गुडघ्यांत धरला. दोन्ही क्लिपा झटकन वर केल्या, सरावात करायची तशा. अंगठे झाकणाखाली घातले आणि वर ढकललं. झाकण हललं नाही. तिने फ्रॉकची कड झाकणावर घेऊन ओढून पाहिलं. तोंड लाल झालं. मग तिने मान वळवून गोलातल्या मुलांकडे आणि मॅडमकडे पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री करून घेतली, आणि दोन्ही क्लिपा परत नीट लावून डबा दप्तरात ठेवला.

मी जाळीला धरून उभी होते. समोर काय झालं ते दिसलं होतं, पण डोक्यात शिरायला वेळ लागला, कारण डोक्यात दुसरंच काही भरून आणलं होतं.

तेवढ्यात गोलातून लाल रिबिनींची एक मुलगी स्वतःचा डबा घेऊन उठली आणि माझ्या मुलीसमोर जाऊन बसली. आपल्या डब्याचं झाकण उलटं करून त्यात तिने थोडा भात काढला आणि पुढे सरकवला. रोजचं काम असावं तसं. माझी मुलगी बोटांनी खायला लागली.

मी आत गेले. मुलांनी लगेच गलका केला की हिची मम्मी आली. मी चपलांजवळ खाली बसले, तिच्या दप्तरातून डबा काढला, क्लिपा उघडल्या आणि झाकण ओढलं. निघालं नाही. नखं घालून पाहिली. शेवटी डबा पोटाशी धरून जोर लावला, तेव्हा कुठे तो फुस्स करून सुटला.

"काकू, हिचा डबा खुलतच नाई," रिबिनीवाली म्हणाली. "आमी दोघीनं मिळून ओढला, तरी नाई."

"मग मॅडमना का नाही सांगितलं?"

"ती नोको म्हणते. म्हणते, मम्मी सांगते का मले सोताले येते."

माझी मुलगी खाली मान घालून झाकणातलं एकेक शीत वेचत होती.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आहे. गरम असताना बाटली बंद केली की थंड होताना आतली हवा आकसते आणि बूच आत ओढलं जातं, हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. डब्याची परीक्षा मी थंड पाण्यावर घेतली होती आणि सराव फुटाण्यांवर. वाफाळता भात कोंडून, चार-पाच तास ठेवून, एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत भात आंबून ती ओढ कमी व्हायची; तेव्हा मला जो आवाज चांगला वाटायचा, त्याच्यामागची ओढ दुपारी त्या लहान हातांना अडवत होती. चिवड्याला वाफ नव्हती, म्हणून शनिवारी डबा उघडला. आणि आपल्याला येत नाही हे कुणाला दिसू नये म्हणून ती बाजूला, चपलांजवळ जाऊन बसत होती. तिला तिथं कुणी बसवलं नव्हतं.

मॅडम आल्या. त्या घाबरल्या होत्या. म्हणाल्या की मी रोज विचारते, ही झालं म्हणते, डबाही बंद केलेला असतो. "उलट सगळ्यांत आधी आवरते म्हणून मी हिला शाबासकी देते," असं म्हणून त्या स्वतःच ओशाळल्या. चाळीस मुलांची बुचं उघडणाऱ्या बाईला मी काय बोलणार होते? झाकणाची गोष्ट सांगितली. आणखी काही काम होतं का, असं त्यांनी माझ्या हातातल्या फोल्डरकडे बघत विचारलं. मी नाही म्हणाले आणि ते काखेत दाबलं.

निघताना मी रिबिनीवालीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला नाव विचारलं. तिने सांगितलं, नुसतं नाव. आडनाव विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आमच्याकडे नाव कळलं की लगेच आडनाव विचारतात आणि आडनाव कळलं की पुढचं विचारावं लागत नाही. मी विचारलं नाही.

बाहेर येऊन स्कूटीवर बसले, पण किल्ली फिरवली नाही. हसू येत होतं आणि नाकही गळत होतं. ओळखीच्या एका पेशंट बाईने जाता जाता विचारलं की मॅडम, काय झालं. मी म्हणाले, काही नाही, डबा उघडला. ती बिचारी बरं म्हणून गेली.

घरी आई फाटकातच उभी होती. मी गाडी लावायच्या आत सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, "झाकणच ना?"

"हो, झाकणच."

"दुसरं काई नाई ना?"

"दुसरं काही नाही, आई."

"झाकणच ना," असं ती आणखी एकदा म्हणाली आणि पायरीवर बसली. थोडा वेळ तिने पदराने मान पुसली. मग उठली आणि भांडायला लागली. तिचं म्हणणं असं की दोष माझ्या रबराचा आहे, तिने जन्मभर गरम भात भरला आणि कुणी उपाशी राहिलं नाही. माझं म्हणणं असं की दोष तिच्या वाफेचा आहे. त्यावर ती म्हणाली की तिचे डबे सैल झाकणाचे असायचे, फडक्यात बांधून जायचे, वाफेला जायला वाट असायची. एवढं शिकून तुला एक डबा घेता नाई आला, असंही म्हणाली. आम्ही दोघी चहा होईपर्यंत मजेत भांडत होतो. गेल्या कित्येक दिवसांत घरात एवढ्या मोठ्या आवाजात कुणी बोललं नव्हतं.

मुलगी घरी आली ती जरा बिचकतच. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की तो डबा मलाही पहिल्यांदा उघडता आला नाही, तू पाहिलंस ना. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मी खोटं बोलत नाही ना ते तपासायला.

"तुलेबी नाई आला?"

"नाही आला."

"मंग आजीले द्यून पाहू," ती म्हणाली. मी मुद्दाम दुपारचा उरलेला भात वाफ येईपर्यंत गरम केला, डब्यात कोंडला आणि तास-दीड तासाने डबा आजीच्या हातात दिला. आजीने ओढला, दातओठ खाल्ले, डब्याला दोन शिव्या दिल्या आणि हरली. मुलगी हसून हसून जमिनीवर लोळली. तिच्या बाबांनाही तो एका झटक्यात उघडता आला नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात न जमलेली गोष्ट सांगायला कुणाला लाज वाटत नाही असं म्हणणं जरा जास्तच होईल, पण निदान शेजारणीला आणि ऑटोवाल्या भाऊंना मुलीचे गुण सांगणं मी बंद केलं. अर्जाच्या दोन्ही प्रतींची मागची बाजू कोरी होती. एकीवर तिने डब्याचं चित्र काढलं, दुसरीवर मी किराणा लिहिला.

नवा डबा तिने निवडला. दुकानदार भाऊंनी आम्हाला पाहताच पावतीबुक उचललं, पण मी पाणी मागितलं नाही. तिने घेतला तो पातळ पत्र्याचा, सैल झाकणाचा, झाकणावर मोर असलेला. माझ्या यादीत तो पहिल्या फेरीत बाद झाला असता. तो गळतो. फडक्यात बांधून वर पिशवी घातली तरी गळतो आणि तिच्या इंग्रजीच्या वहीचा एक कोपरा कायमचा पिवळा झाला आहे. आईने एक तडजोड मान्य केली, भात आधी ताटात पसरून पंख्याखाली ठेवायचा आणि मग भरायचा. मात्र रोज पसरताना ती एकदा तरी म्हणते की याचे आता खडे होणार.

मुलगी आता रबराशिवायचा डबा घेऊन गोलात बसते. महिन्याभराने काट्यावर उभी केली तर गेलेलं वजन भरून वर थोडं आलं होतं. मी ते वहीत लिहिलं आणि ते पान उलटलं.

पोळा जवळ आला होता, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी मी कपडे घडी करत होते आणि आई मोरीत डबे घासायला बसली होती. तिने मला हाक मारली. "आपण वास्ते कधी केले होते?"

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात जंगलाकडून बाजारात येतात, चिरून, उकळून त्यांची भाजी करतात. आम्ही या वर्षी एकदाही आणले नव्हते. सकाळी डब्यात वरणभात दिला होता. मी मोरीत डोकावले. डब्याच्या तळाशी वरणाच्या पिवळ्या डागात वास्त्याचे दोन-तीन तुकडे होते, कुणाच्या तरी घरच्या मिरचीच्या तेलात माखलेले.

आईने एक तुकडा बोटाने उचलला, नळाखाली धरला नाही, तसाच तोंडात टाकला. सावकाश चावला.

"मीठ बरोबर हाय," ती म्हणाली. मग दुसरा खाल्ला, डब्यात पाणी सोडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या भात जरा जास्त लाव. दोघी खातेत."